कर्नल अद्ययावत झाले आणि पडदा काळा पडला!
ग्राफिक्स ड्रायव्हर रुसल्यावर संगणक पुन्हा सुरू कसा करावा?

प्रतिनिधी, चंद्रपूर

संध्याकाळी काम आटोपून संगणक बंद करताना पडद्यावर एक सूचना झळकते : नवी अद्यतने उपलब्ध आहेत. आपण होकार देतो आणि घरी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ दाबताच पंखा फिरू लागतो, कंपनीचे बोधचिन्ह क्षणभर दिसते आणि त्यानंतर पडदा काळाठिक्कर पडतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानशी रेघ तेवढी लुकलुकत राहते. काही संगणकांवर नाव आणि सांकेतिक शब्द विचारणारी खिडकी येते. परंतु सांकेतिक शब्द अचूक भरूनही तीच खिडकी पुन्हापुन्हा समोर येत राहते.

लिनक्स ही कार्यप्रणाली वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. एनव्हिडिया कंपनीचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकांत तो विशेषकरून येतो. पुण्या-मुंबईत अशा वेळी दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ एका दूरध्वनीवर दारात हजर होऊ शकतो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला मात्र परिस्थिती वेगळी आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्कच तुटतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांसाठी लागणाऱ्या दाखल्यांची धांदलही नेमकी त्याच दिवसांतली. अशा ठिकाणचा एकमेव संगणक काळा पडदा दाखवू लागला, तर तो पोत्यात गुंडाळून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

खरा धोका त्यानंतर उद्भवतो. दुरुस्तीच्या दुकानात या आजारावर सर्रास सुचविला जाणारा उपाय म्हणजे 'फॉरमॅट मारणे', अर्थात चकती पुसून सर्व काही नव्याने बसविणे. संगणक सुरू होतो. परंतु ग्रामसभेचे ठराव, वनहक्क दाव्यांचे नकाशे, विद्यार्थ्याचा अर्धवट प्रबंध, घरच्या लग्नाची छायाचित्रे हे सारे नाहीसे होऊ शकते. वस्तुतः या बिघाडात चकतीवरील माहितीला धक्काही लागलेला नसतो. बिघाड पडद्याचा आहे, माहितीचा नाही, ही पहिली गोष्ट वाचकांनी मनावर कोरून ठेवावी.

बिघाड नेमका कोठे होतो?

कर्नल हा कार्यप्रणालीचा गाभा. प्रक्रियक, स्मृती, चकती, कळफलक, पडदा या सर्व अवयवांशी बोलण्याचे काम तो करतो. प्रत्येक अवयवाची भाषा निराळी असल्याने मध्ये दुभाषा लागतो. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या कर्नलविषयी जगाला प्रथम कळविले. तेव्हापासून हा कर्नल सतत बदलत आला आहे. सुरक्षेतील त्रुटी बुजविण्यासाठी, नव्या यंत्रांना सामावून घेण्यासाठी त्याच्या नव्या आवृत्त्या येत राहतात.

बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्याच घरात राहतात. इंटेलचे तसेच एएमडीचे ग्राफिक्स ड्रायव्हर या वर्गातले. एएमडीचा आजचा ड्रायव्हर २०१५ साली कर्नलच्या ४.२ या आवृत्तीत दाखल झाला. कर्नलमध्ये अंतर्गत बदल करणारे प्रोग्रॅमर घरातल्या ड्रायव्हरमध्येही त्याच वेळी योग्य ते फेरफार करतात. त्यामुळे ही मंडळी सहसा मागे पडत नाहीत.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र बाहेरून येणारा पाहुणा आहे. तो ज्या कर्नलसाठी जुळविलेला असतो, त्याच कर्नलवर चालतो. आवृत्तीचा क्रमांक बदलला, की जुना ड्रायव्हर नव्या कर्नलच्या दारातच अडविला जातो. लिनक्सच्या निर्मात्यांनी कर्नलची अंतर्गत रचना कायम एकसारखी ठेवण्याचे बंधन मुद्दामच स्वीकारलेले नाही. सुधारणा मोकळेपणाने करता याव्यात, हा त्यामागचा हेतू. त्याची किंमत बाहेरच्या ड्रायव्हरला आणि पर्यायाने तो वापरणाऱ्याला मोजावी लागते. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात बोलताना टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाच्या असहकार्यावर जाहीरपणे आणि अत्यंत कडक शब्दांत टीका केली होती. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरच्या कर्नलशी निगडित भागाचा स्रोत खुला केला. त्याचा लाभ २०१८ नंतरच्या पिढ्यांतील कार्डांना मिळतो. तथापि हा भागही अद्याप कर्नलच्या बाहेरूनच बसवावा लागतो.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. एनव्हिडियाच्या कार्डासाठी 'नूव्हो' नावाचा एक मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. कंपनीचा ड्रायव्हर बसविताना दोघांत भांडण होऊ नये म्हणून नूव्होला वर्ज्य यादीत टाकले जाते. कर्नल बदलल्यावर कंपनीचा ड्रायव्हर लागू झाला नाही आणि नूव्होला तर आधीच दाराबाहेर ठेवलेले, अशा स्थितीत पडद्याकडे पाहणारे कोणीच उरत नाही. काळ्या पडद्याचे मूळ अनेकदा येथे असते.

डेबियनचा धडा

ही अडचण केवळ नवशिक्यांच्या चुकीमुळे येते, असे समजण्याचे कारण नाही. १० फेब्रुवारी २०२४ रोजी डेबियन या प्रतिष्ठित लिनक्स वितरणाची १२.५ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यासोबत आलेल्या कर्नलमध्ये एक अंतर्गत बदल होता. त्यामुळे एनव्हिडियाचा त्या वेळचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी जुळेनासा झाला. कर्नलमधील काही सुविधा केवळ मुक्त परवान्याखालील ड्रायव्हरनेच वापराव्यात, असा नियम आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर अजाणतेपणी त्या मर्यादेच्या आत ओढला गेला होता. जगभर अनेकांची अद्यतने अर्ध्यावर थांबली. काही दिवसांत दुरुस्त ड्रायव्हर उपलब्ध करून देण्यात आला. तोवर ज्यांना जुन्या कर्नलवर परत कसे जायचे हे ठाऊक होते, त्यांचे काम अडले नाही.

डेबियनचे महत्त्व आपल्याकडेही आहे. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. उबंटू आणि त्यावर आधारित लिनक्स मिंट हीसुद्धा त्याच कुळातील. पुढे दिलेले उपाय प्रामुख्याने याच कुळाला लागू पडतात.

पहिला उपाय : जुना कर्नल

अनेकांना ठाऊक नसते, की नवा कर्नल बसविताना जुना लगेच पुसला जात नाही. तो शेजारी तसाच ठेवलेला असतो. काल संध्याकाळपर्यंत सुरळीत चालणारी संपूर्ण व्यवस्था आजही संगणकात आहे, फक्त तिच्यापर्यंत पोहोचायला हवे.

संगणक सुरू करताच एस्केप ही कळ हलकेच दाबावी. जुन्या धाटणीच्या संगणकात त्याऐवजी शिफ्ट कळ दाबून धरावी. 'ग्रब' नावाची यादी पडद्यावर येते. त्यातील दुसरी ओळ सहसा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी असते. ती निवडली, की कर्नलच्या उपलब्ध आवृत्त्या दिसतात. सर्वांत वरची आवृत्ती नवी असते. तिच्या खालची, परंतु 'रिकव्हरी मोड' असे न लिहिलेली ओळ निवडून एंटर कळ दाबावी. बहुतेक वेळा पडदा पूर्ववत उजळतो आणि त्या दिवसाचे काम तरी मार्गी लागते.

दुसरा उपाय : नोमोडसेट

जुना कर्नल नसेल किंवा तोही चालत नसेल, तर ग्रबच्या यादीत पहिल्या ओळीवर राहून कळफलकावरील 'ई' हे अक्षर दाबावे. काही ओळींचा मजकूर उघडतो. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्या अगदी शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द, म्हणजे एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी ही अक्षरे सलग, लहान लिपीत टंकित करावीत आणि एफ१० दाबावे. ग्राफिक्स कार्डाला स्वतःहून हात लावू नये, साधे चित्र दाखवावे, असा हा आदेश आहे. चित्र ढोबळ दिसेल, अक्षरे मोठी दिसतील, पण दिसतील. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे त्यात चूक झाली तरी घाबरण्याचे कारण नाही. संगणक पुन्हा सुरू केला, की तो आपोआप पुसला जातो.

इतके करूनही पडदा रिकामा राहिल्यास कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या तीन कळा एकत्र दाबून पाहाव्यात. अनेकदा चित्रमय भाग कोलमडलेला असतो, परंतु त्यामागे संगणक व्यवस्थित जागा असतो. तेथे केवळ अक्षरांत चालणारा पडदा उघडतो आणि पुढील दुरुस्ती त्यातून करता येते.

दुरुस्ती : ड्रायव्हर पुन्हा जुळविणे

जुन्या कर्नलवर काम सुरू झाले म्हणजे आजार गेला असे नव्हे. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर जुळविणे बाकी असते. हे काम आपोआप व्हावे यासाठी 'डीकेएमएस' ही व्यवस्था आहे. संगणक बनविणाऱ्या डेल कंपनीने ती तयार केली. नवा कर्नल आला, की डीकेएमएस ड्रायव्हरचा स्रोत घेऊन त्या कर्नलसाठी तो नव्याने घडविते. तिला दोन गोष्टी लागतात : त्या कर्नलच्या 'हेडर' नावाच्या फाइली आणि कंपायलर. यांपैकी एक जरी नसली, तरी घडण अर्धवट राहते. काही वितरणांत ही सूचना इतक्या वेगाने सरकून जाते, की वापरणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही.

टर्मिनल उघडून 'डीकेएमएस स्टेटस' ही आज्ञा रोमन लिपीत टंकित केली, की कोणता ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी घडविला गेला आहे, हे कळते. यादीत जुन्या कर्नलचा क्रमांक आहे, नव्याचा नाही, असे दिसले तर निदान झाले असे समजावे.

येथे एक चूक हमखास होते. हेडर बसविण्याची जी आज्ञा सर्वत्र सांगितली जाते, ती सध्या चालू असलेल्या कर्नलचे हेडर आणते. आपण तर जुन्या कर्नलवर बसलेलो असतो! परिणामी जुन्याचेच हेडर पुन्हा येतात आणि नवा कर्नल तसाच उपाशी राहतो. म्हणून ग्रबच्या यादीतून नव्या कर्नलचा पूर्ण क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा आणि त्याच क्रमांकाचे हेडर बसवावेत. त्यानंतर डीकेएमएसला 'ऑटोइन्स्टॉल' ही आज्ञा त्याच क्रमांकासह द्यावी. शेवटी 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' ही आज्ञा नव्या कर्नलसाठी चालवावी, म्हणजे सुरुवातीला लागणारे गाठोडे नव्या ड्रायव्हरसह बांधले जाते.

उबंटू वापरणाऱ्यांना आणखी सोपा मार्ग आहे. त्यातील 'उबंटू-ड्रायव्हर्स' हे साधन कार्ड ओळखून योग्य ड्रायव्हर सुचविते आणि बसवितेही. पुढच्या वेळी हा प्रसंग येऊ नये यासाठी 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' हे पॅकेज बसवून ठेवावे. त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसोबत त्याचे हेडर आपोआप येतात.

ज्यांनी एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर थेट उतरवून हाताने बसविला आहे आणि त्या वेळी डीकेएमएसला होकार दिलेला नाही, त्यांना प्रत्येक कर्नलनंतर तेच काम पुन्हा करावे लागते. अशांनी तो ड्रायव्हर काढून वितरणाने दिलेला ड्रायव्हर बसविणे हिताचे.

घडविला, तरी चालत नाही?

कधीकधी ड्रायव्हर नीट घडविला जातो, पण कर्नल त्याला आत घेत नाही. याचे कारण 'सिक्युअर बूट' हे कुलूप असू शकते. ज्याच्यावर ओळखीची सही नाही, असा ड्रायव्हर या कुलपामुळे नाकारला जातो. ड्रायव्हर बसविताना उबंटू एक सांकेतिक शब्द मागते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा दाखविते. पुष्कळजण तो बिघाड समजून घाईने पुढे जातात. वास्तविक तेथे 'एनरोल' हा पर्याय निवडून तोच सांकेतिक शब्द द्यावयाचा असतो. ती संधी हुकली, तर सही नोंदवली जात नाही आणि ड्रायव्हर दाराबाहेर राहतो.

दुसरे कारण जागेचे. काही संगणकांत कर्नल ठेवण्यासाठी 'बूट' नावाचा लहानसा वेगळा विभाग असतो. जुने कर्नल साठत गेले, की तो भरतो आणि नव्या कर्नलचे गाठोडे अर्धवट बांधले जाते. 'ऑटोरिमूव्ह' या आज्ञेने अनावश्यक कर्नल निघून जातात. मात्र चालू असलेला एक जुना कर्नल नेहमी राखून ठेवावा.

तिसरे कारण विजेचे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. तरीही वादळी पावसात झाड तारेवर पडले, की जंगलातल्या गावाला अंधारच मिळतो. अद्यतन सुरू असताना वीज गेली, तर पॅकेजे अर्धवट बसतात. जुन्या कर्नलवर जाऊन 'डीपीकेजी' या साधनाला 'कॉन्फिगर' आणि 'ए' या पर्यायांसह चालविल्यास राहिलेले काम पूर्ण होते. कर्नलचे अद्यतन यूपीएसवर किंवा लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असतानाच करावे, हे त्यावरील खरे औषध.

आंतरजालाची जोडणी नसेल, तर मोबाइल केबलने संगणकाला जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे. तेही शक्य नसल्यास दुसऱ्या संगणकावर हेडरची पॅकेजे उतरवून पेनड्राइव्हमधून आणता येतात. क्रमांक तंतोतंत जुळणे एवढीच अट.

जुने कार्ड, नवा कर्नल

हा विषय आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला. विंडोज ११ च्या अटी न पेलणारे, परंतु उत्तम चालणारे असंख्य संगणक यामुळे लिनक्सकडे वळू शकतात. अशा जुन्या संगणकात कार्डही जुनेच असते. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीतील कार्डांसाठीच्या ३९० मालिकेचा पाठिंबा २०२२ अखेर संपला, तर केप्लर पिढीच्या ४७० मालिकेचा २०२४ मध्ये. हे ड्रायव्हर अगदी नव्या कर्नलवर घडविले जातीलच, याची शाश्वती नाही. ज्यांना संगणकावर केवळ लेखन, पत्रव्यवहार आणि नकाशे पाहणे एवढेच करावयाचे आहे, त्यांनी नूव्होवर समाधान मानावे. ज्यांना कंपनीचाच ड्रायव्हर हवा, त्यांनी दीर्घकालीन पाठिंब्याच्या आवृत्तीसोबत मूळचा आलेला कर्नल वापरावा. वापरलेला संगणक विकत घेणाऱ्या संस्थांनी तर इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्सला प्राधान्य दिल्यास ही डोकेदुखी बहुतांशी टळेल.

विंडोजवाल्यांनीही ऐकावे

विंडोज वापरणारे या संकटापासून मुक्त आहेत, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक सदोष अद्यतन जगभर पोहोचले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. तो दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा नव्हता; पण कर्नलच्या पातळीवर चालणाऱ्या भागाचाच होता. उपाय म्हणून अनेक ठिकाणी एकेका संगणकासमोर बसून, तो सेफ मोडमध्ये सुरू करून, एक फाइल हाताने पुसावी लागली.

विंडोजमध्ये अद्यतनानंतर पडदा गेला, तर सुरू होण्याची क्रिया दोन-तीन वेळा अर्ध्यावर खंडित केल्यास दुरुस्तीचा पडदा येतो. तेथून सेफ मोडमध्ये जाऊन 'डिव्हाइस मॅनेजर'मधील डिस्प्ले अडॅप्टरच्या गुणधर्मांत 'रोल बॅक ड्रायव्हर' हा पर्याय निवडता येतो. तत्त्व तेच : पुसण्यापूर्वी एक पाऊल मागे जाऊन पाहावे.

अद्यतने थांबवावीत का?

इतका त्रास असेल तर अद्यतनेच नकोत, असे एखाद्याला वाटेल. हा विचार घातक आहे. कर्नलच्या अद्यतनांतून सुरक्षेची भगदाडे बुजविली जातात. परीक्षेचा आठवडा, ग्रामसभेची तारीख, प्रबंध सादर करण्याचा दिवस असे प्रसंग तोंडावर असताना अद्यतन चार दिवस पुढे ढकलावे, एवढेच योग्य. लिनक्स मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' हे साधन असते. अद्यतनापूर्वी त्याद्वारे प्रणालीची प्रतिमा जतन करून ठेवली, तर परतीची वाट नेहमी उघडी राहते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा हक्कांचे नकाशे, नोंदी, ठराव आता संगणकावर ठेवले जाऊ लागले आहेत आणि त्यामागे माणसांनी वर्षानुवर्षे घातलेले श्रम आहेत. एका काळ्या पडद्याला घाबरून ते पुसले जाऊ नयेत. त्यासाठी गावातील एका तरी तरुणाला अथवा तरुणीला ग्रबची यादी उघडता यावी, इतकी तयारी पुरेशी आहे.

हे कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा

१. पडदा काळा झाला म्हणजे माहिती गेली असे नाही. फॉरमॅटला होकार देऊ नका.
२. सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट. यादीतून जुना कर्नल निवडा.
३. ते जमले नाही, तर 'ई' दाबून नोमोडसेट, मग एफ१०.
४. नव्या कर्नलचा क्रमांक लिहून घ्या. हेडर त्याच क्रमांकाचे हवेत.
५. डीकेएमएसची स्थिती तपासा. निळा पडदा आल्यास एनरोल करा.
६. चालू असलेला एक जुना कर्नल कधीही काढू नका.
७. अद्यतनापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि वीज जाणार नाही याची खात्री करा.